खोटे शिक्षक, आद्य ख्रिस्ती धर्मातील

येशू ख्रिस्ताच्या मृत्यूनंतरच्या सु. दीडशे वर्षांत ख्रिस्ती मंडळ्यांमधून वावरणाऱ्या, परंतु प्रेषितांच्या मूळ शिकवणीपासून ढळलेल्या मानल्या गेलेल्या उपदेशकांना तत्कालीन ख्रिस्ती लेखकांनी ‘खोटे शिक्षक’, ‘खोटे प्रेषित’ व ‘खोटे संदेष्टे’ अशी नावे दिली. नव्या करारातील पत्रवाङ्‌मयाचा बराच भाग अशा उपदेशकांच्या खंडनासाठी लिहिला गेला आहे. त्यांच्यावरील आरोपांत चुकीच्या सिद्धांताइतकेच, किंबहुना काही पत्रांत त्याहून अधिक, महत्त्व उद्धटपणा, आत्मश्लाघा, अधिकाराचा अनादर आणि द्रव्यलोभ ह्या दोषांना दिलेले आढळते. उपदेशक खरा की खोटा हे त्याच्या मतावरून ठरवावयाचे की वर्तनावरून आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हे दोन प्रश्न ह्या वादांच्या मुळाशी होते. बिशपांची अधिकारपरंपरा, नव्या कराराची ग्रंथसंहिता आणि श्रद्धासूत्रे ह्या तिहींच्या घडणीत ह्या वादांचा मोठा वाटा आहे.

पार्श्वभूमी : पहिल्या शतकातील ख्रिस्ती मंडळ्या लहान होत्या आणि त्या बहुधा एखाद्या सधन सभासदाच्या घरी एकत्र येत. नवा करार अद्याप तयार झालेला नव्हता. येशूच्या शिकवणीचे ज्ञान प्रामुख्याने मौखिक परंपरेने मिळे. रोमन साम्राज्यातील रस्त्यांवरून व सागरी मार्गांवरून प्रेषित, संदेष्टे व शिक्षक गावोगाव फिरत. मंडळीने त्यांना आसरा द्यावा, जेवू घालावे व पुढील प्रवासाची सोय करून द्यावी, अशी रीत होती. अनोळखी उपदेशक आपल्या ओळखीसाठी दुसऱ्या मंडळीकडून शिफारसपत्र आणीत असे. हा सर्व व्यवहार विश्वासावर चालत असल्यामुळे भोंदूगिरीला त्यात वाव होता. शिवाय प्रामाणिक उपदेशकांतही मतभेद असत आणि त्यांचा निवाडा करणारी सर्वमान्य मध्यवर्ती संस्था नव्हती.

खऱ्या-खोट्या संदेष्ट्यांचा प्रश्न ख्रिस्ती लेखकांना यहुदी परंपरेकडून वारशाने मिळाला होता. संदेष्ट्याचे भाकीत खरे ठरते की नाही आणि तो लोकांना परक्या देवांकडे नेतो की काय, ह्या दोन कसोट्या अनुवादाच्या पुस्तकात सांगितल्या आहेत. यिर्मया व हनन्या ह्यांचा संघर्ष प्रसिद्ध आहे : दोघेही परमेश्वराच्या नावाने बोलत होते आणि दोघांची भाकिते परस्परविरुद्ध होती. ज्यांच्याकडून खावयास मिळते त्यांना शांततेचे आश्वासन देणाऱ्या संदेष्ट्यांचा निषेध मीखाने केला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात खोट्या संदेष्ट्यांना मेंढराचे रूप घेतलेल्या लांडग्यांची उपमा दिली असून, झाड जसे फळावरून तसे ते कृतीवरून ओळखावेत, असे सांगितले आहे. सभास्थानातील मानाच्या जागा व गुरुपणाच्या पदव्या ह्यांची हाव धरणाऱ्या धर्मगुरूंवरही त्याच शुभवर्तमानात टीका आहे. पुढील सर्व वादांत ही ‘फळांची’ कसोटी पुन्हापुन्हा डोकावते.

सेंट पॉलची पत्रे : उपलब्ध ख्रिस्ती लेखनात सर्वांत जुनी असलेली सेंट पॉलची (मराठी बायबलमधील पौल) पत्रे सु. ५० ते ६० ह्या दशकातील आहेत. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात, बिगरयहुदी ख्रिस्ती लोकांनी सुंता करून घ्यावी असा आग्रह धरणाऱ्या उपदेशकांना त्याने तीव्र विरोध केला. येथे वाद सिद्धांताचा आहे. करिंथ येथील मंडळीत मात्र प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा होता. तेथे पौल, अपुल्लोस व केफा (पेत्र) ह्यांच्या नावांनी तट पडले होते आणि वक्तृत्व व ज्ञान ह्यांना अवाजवी प्रतिष्ठा आली होती. मूर्तीला वाहिलेले मांस खाण्यास हरकत नाही, कारण मूर्तीत देव नसतोच, असे काही सुजाण म्हणविणारे सभासद म्हणत. त्यांचा युक्तिवाद पौलाला तत्त्वतः मान्य होता. परंतु ज्ञानाने माणूस फुगतो, प्रीती मात्र इतरांची उभारणी करते, अशी भूमिका घेऊन, दुबळ्या मनाच्या बांधवाला ठेच लागत असेल तर त्या स्वातंत्र्याचा त्याग करावा, असे त्याने सांगितले. मत बरोबर असूनही वृत्ती चूक असू शकते, हा विचार ख्रिस्ती साहित्यात येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडलेला दिसतो.

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरच्या चार अध्यायांत पौलाने आपल्या प्रतिस्पर्ध्यांचा उपरोधाने ‘अतिश्रेष्ठ प्रेषित’ असा उल्लेख केला आहे. ते शिफारसपत्रे घेऊन आलेले, आपल्या यहुदी कुळाचा अभिमान सांगणारे आणि मंडळीकडून उपजीविका घेणारे उपदेशक होते. पौलाचे बोलणे सामान्य आहे आणि तो पत्रांत जितका कठोर तितका समक्ष भेटीत नाही, अशी टीका त्याच्यावर होत होती. त्याने करिंथ येथे मानधन घेतले नाही. ह्याचाही त्याच्या विरोधकांनी त्याच्याविरुद्ध उपयोग करून घेतला, असे दिसते. उत्तरादाखल पौलाने मूर्खाची भूमिका घेऊन मुद्दाम ‘बढाई’ मारली. पण ती पराक्रमांची नसून फटके, कारावास, जहाज फुटणे, उपासमार आणि दिमिष्काच्या तटावरून पाटीत बसून केलेले पलायन ह्यांची आहे. आत्मश्लाघेचे हे विडंबन होय. प्रेषिताचा अधिकार सामर्थ्यात नसून दुर्बलतेत प्रकट होतो, हा त्याचा निष्कर्ष आहे.

पालकीय पत्रे : तीमथ्याला लिहिलेली दोन पत्रे व तीताला लिहिलेले एक पत्र ही पौलाच्या नावावर असली, तरी ती पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी त्याच्या परंपरेतील लेखकाने लिहिली असावीत, असे बहुसंख्य आधुनिक अभ्यासक मानतात. त्यांत विरोधकांच्या शिकवणीची तुटक माहिती मिळते : दंतकथा व वंशावळी ह्यांची आवड, विवाहास व काही अन्नपदार्थांस मनाई, आणि पुनरुत्थान होऊन गेले आहे हे मत. हे शेवटचे मत हुमनाय व फिलेत ह्यांच्या नावांवर दिले आहे. परंतु पत्रलेखकाचा भर त्यांच्या स्वभावदोषांवर आहे. त्यांना अहंकाराने पछाडले आहे, शब्दच्छलाचे वेड लागले आहे आणि धर्म हे द्रव्यप्राप्तीचे साधन वाटते, असे तो म्हणतो. अखेरच्या काळात माजणाऱ्या दोषांची एक लांबलचक यादी दुसऱ्या पत्रात असून तीत स्वार्थ, धनलोभ, बढाई, गर्व, निंदा, आईबापांची अवज्ञा व कृतघ्नता हे दोष एकापाठोपाठ येतात. मोशेला विरोध करणारे यान्नेस व यांब्रेस हे मिसरी जादूगार ह्या शिक्षकांचे पूर्वज म्हणून दाखविले आहेत.

ह्यावर पत्रलेखकाने सुचविलेला उपाय मंडळीच्या अधिकाऱ्यांची काळजीपूर्वक निवड हा होय. अध्यक्ष (बिशप) हा सौम्य, भांडखोर नसलेला व द्रव्यलोभापासून मुक्त असावा. तो नवशिका नसावा, कारण तसे असल्यास तो गर्वाने फुगेल. तीताला लिहिलेल्या पत्रात अध्यक्षाने टाळावयाचा दोष म्हणून जो ग्रीक शब्द (‘आवथादेस’ – स्वतःचेच खरे करणारा, हेकट) योजला आहे, तोच शब्द पेत्राच्या दुसऱ्या पत्रात खोट्या शिक्षकांचे वर्णन करताना आला आहे. करिंथमधील काही वडिलांना पदच्युत केले गेले असता रोमच्या मंडळीने सु. ९६ मध्ये तेथे पाठविलेल्या पत्रातही (क्लेमेंटचे पहिले पत्र) त्या बंडाच्या पुढाऱ्यांना हेच विशेषण लावलेले आहे. अधिकारी होण्याची अपात्रता, शिक्षकाचा खोटेपणा आणि अधिकाराविरुद्ध बंड ह्या तिहींसाठी एकच शब्द वापरला जावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

यहूदाचे पत्र व पेत्राचे दुसरे पत्र : उद्धटपणा व अनादर हा विषय सर्वांत ठळकपणे ह्या दोन पत्रांत आढळतो. यहूदाचे पत्र अवघ्या २५ वचनांचे आहे. लेखक स्वतःला याकोबाचा भाऊ म्हणवितो. मंडळीत चोरपावलांनी शिरलेली काही माणसे देवाच्या कृपेचा अर्थ स्वैराचार असा करतात, प्रभुत्व झुगारतात आणि ‘थोर विभूतीं’ची निंदा करतात, असा त्याचा आरोप आहे. ‘थोर विभूती’ म्हणजे देवदूत, असा अर्थ बहुतेक भाष्यकार करतात. मोशेचे नियमशास्त्र देवदूतांच्या द्वारे मिळाले, अशी तत्कालीन यहुदी समजूत होती व तिचे पडसाद नव्या करारातही आहेत. तेव्हा देवदूतांची निंदा म्हणजे त्यांनी राखलेल्या नैतिक नियमांची अवहेलना, असा ह्या आरोपाचा आशय असावा. काहींच्या मते येथे मंडळीच्या पुढाऱ्यांचा अनादर अभिप्रेत आहे.

ह्या उद्धटपणाच्या विरोधात लेखकाने आद्यदेवदूत मीखाएल ह्याचे उदाहरण दिले आहे. मोशेच्या मृत देहाविषयी सैतानाशी वाद चालला असता मीखाएलने स्वतः निंदात्मक निवाडा करण्याचे धाडस केले नाही. सैतानाला धमकावण्याचे काम त्याने परमेश्वरावर सोपविले. ही कथा जुन्या करारात नाही. ऑरिजेनच्या मते ती ‘मोशेचे स्वर्गारोहण’ ह्या ग्रंथातून घेतली आहे. तथापि त्या ग्रंथाच्या उपलब्ध अपूर्ण संहितेत ती सापडत नाही. प्रत्यक्ष सैतानाशी बोलतानाही ज्याने मर्यादा सोडली नाही तो आद्यदेवदूत कोठे आणि आपणांस न समजणाऱ्या गोष्टींची निंदा करणारे हे उपदेशक कोठे, असा हा विरोध आहे.

काईन, बलाम व कोरह ह्या जुन्या करारातील तीन व्यक्ती ह्या उपदेशकांचे आदर्श म्हणून पुढे येतात. काईन हा भ्रातृहत्येचा, बलाम हा पैशासाठी केलेल्या संदेशकार्याचा आणि कोरह हा अधिकाराविरुद्धच्या बंडाचा प्रतिनिधी होय. कोरहाच्या कथेतील एक बारकावा लक्षणीय आहे. गणनेच्या पुस्तकानुसार सर्व मंडळीच पवित्र आहे, मग मोशे व अहरोन इतरांहून स्वतःला उंच का समजतात, असा कोरहाचा सवाल होता. म्हणजे अहंकाराचा आरोप प्रथम बंडखोरानेच अधिकाऱ्यावर केला होता. आद्य ख्रिस्ती वादांतही हा आरोप दोन्ही दिशांनी होत राहिला.

निसर्गातील प्रतिमांचा यहूदाच्या पत्रातील उपयोग परिणामकारक आहे. पाऊस न देणारे वाऱ्याने वाहून जाणारे मेघ, हंगामातही फळ न धरणारी उपटलेली झाडे, स्वतःच्याच लज्जेचा फेस उसळविणाऱ्या लाटा आणि भरकटलेले तारे अशा ह्या प्रतिमा आहेत. मोठे आश्वासन आणि शून्य फलप्राप्ती हे त्यांचे समान सूत्र होय. मंडळीच्या प्रीतिभोजनांत हे लोक निर्लज्जपणे सामील होतात, अशी तक्रारही आहे. त्यावरून ते बाहेरचे शत्रू नसून एकाच पंक्तीला बसणारे सभासद होते, हे स्पष्ट होते. पत्राच्या शेवटी संशयात पडलेल्यांवर दया करण्याचा व इतरांना आगीतून ओढून वाचविण्याचा उपदेश आहे. निषेध शिक्षकांचा, पण त्यांच्यामागे गेलेल्यांविषयी करुणा, असा हा भेद आहे.

पेत्राचे दुसरे पत्र हे नव्या करारातील बहुधा सर्वांत उशिराचे लेखन असून ते दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील असावे, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायात यहूदाच्या पत्रातील मजकुराचा बराच भाग फेरफार करून घेतला आहे. यहूदाने हनोखाच्या नावावरील ग्रंथातून घेतलेले अवतरण येथे गाळले आहे. मीखाएलचे नावही न घेता देवदूतांचा सर्वसामान्य उल्लेख केला आहे. नोहा व लोट ह्या नीतिमानांची उदाहरणे नव्याने घातली आहेत. बलामाच्या उल्लेखात मुक्या गाढवीने त्याचा वेडेपणा आवरल्याचा उपरोधही आला आहे. ह्या पत्रातील शिक्षक ख्रिस्ताच्या पुनरागमनाची थट्टा करतात : पूर्वज मरून गेले, तरी जग पूर्वीप्रमाणेच चालले आहे, असे त्यांचे म्हणणे. ते इतरांना स्वातंत्र्याचे वचन देतात, पण स्वतः वासनांचे दास असतात. तसेच पौलाच्या पत्रांचा विपर्यास करतात, असे लेखक म्हणतो. पौलाची पत्रे तोवर एकत्र वाचली जात होती व त्यांच्या अर्थाविषयी वाद सुरू झाले होते, ह्याचा हा महत्त्वाचा पुरावा आहे. ह्या दोन्ही पत्रांच्या प्रामाण्याविषयी प्राचीन काळी शंका घेतली जात असे. चौथ्या शतकातील इतिहासकार युसीबिअस ह्याने त्यांची गणना विवाद्य ग्रंथांत केली. हनोखाच्या अवतरणामुळे यहूदाचे पत्र अनेकजण नाकारतात, असे जेरोमने नमूद केले आहे.

योहानाची पत्रे व प्रकटीकरण : योहानाच्या पहिल्या व दुसऱ्या पत्रांत येशू ख्रिस्त खरोखर देहधारी झाला हे नाकारणाऱ्यांना ‘ख्रिस्तविरोधी’ म्हटले आहे. अशी शिकवण देणाऱ्याला घरात घेऊ नये, असा आदेश दुसऱ्या पत्रात आहे. तिसऱ्या पत्रात मात्र चित्र उलटे आहे. तेथे दियत्रफेस नावाचा एक स्थानिक पुढारी पत्रलेखक ‘वडिला’ने पाठविलेल्या बांधवांचे स्वागत करीत नाही, करू इच्छिणाऱ्यांना मंडळीबाहेर घालवितो आणि वडिलाविरुद्ध वाईटसाईट बोलतो. त्याच्या मतांविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही. पहिला मान मिळविण्याची हाव हाच त्याच्यावरील मुख्य आरोप आहे. आतिथ्य नाकारणे हे एका पत्रात सत्याचे रक्षण ठरते, तर दुसऱ्यात अहंकाराचे लक्षण. ही दोन लहान पत्रे एकत्र वाचली असता त्या काळातील पेचाची कल्पना येते.

प्रकटीकरणाच्या पुस्तकात आशिया मायनरमधील सात मंडळ्यांना उद्देशून लिहिलेले संदेश आहेत. स्वतःला प्रेषित म्हणविणाऱ्यांची पारख केल्याबद्दल इफिसच्या मंडळीची त्यात स्तुती केली आहे. मात्र तिने आपली पहिली प्रीती सोडल्याचा दोषही लगेच दाखविला आहे. पर्गम येथे निकलाइतांचा पंथ आणि थुवतीरा येथे स्वतःला संदेष्ट्री म्हणविणारी, ‘ईजबेल’ ह्या टोपणनावाने उल्लेखिलेली एक स्त्री ह्यांचा निषेध आहे.

व्यवहारातील कसोट्या : ‘दिदाखे’ अथवा ‘बारा प्रेषितांची शिकवण’ ह्या पुस्तिकेचे हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे फिलोथेओस ब्रिएन्निओस ह्यास सापडले व त्याने ते १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या किंवा दुसऱ्याच्या आरंभीच्या ह्या ग्रंथात फिरत्या उपदेशकांविषयी रोखठोक नियम आहेत. प्रेषिताने एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहावे. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना त्याने पुढील मुक्कामापर्यंत पुरेल एवढी भाकर घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्याच्या संचारात भोजनाची आज्ञा करून स्वतःच ते जेवणारा संदेष्टाही खोटा. सामान्य प्रवाशाला गावात वस्ती करावयाची असेल, तर त्याने कसबावर पोट भरावे. बसून खाणारा माणूस ख्रिस्ताच्या नावाचा व्यापार करतो. त्याच वेळी, संचारात बोलणाऱ्या संदेष्ट्याची परीक्षा घेणे हे पाप होय, असेही हा ग्रंथ बजावतो. म्हणून कसोटी त्याच्या वाणीला न लावता त्याच्या राहणीला लावावयाची, अशी तडजोड त्यात दिसते.

रोममध्ये दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिल्या गेलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ ह्या ग्रंथात खोट्या संदेष्ट्याचे व्यक्तिचित्र आहे. तो स्वतःची थोरवी गातो, पहिल्या आसनाची इच्छा धरतो, निर्लज्ज व बडबड्या असतो, मोबदला घेतल्याशिवाय भविष्य सांगत नाही आणि डळमळीत मनाच्या लोकांना कोपऱ्यात गाठून त्यांना हवे ते ऐकवितो. नीतिमानांच्या भरलेल्या सभेत आला की त्याची वाचा बंद होते. भोळ्या मंडळ्यांची फसवणूक बाहेरच्यांच्याही लक्षात आली होती. ग्रीक उपहासकार लूशन ह्याने पेरेग्राइनस ह्या भटक्या तत्त्वज्ञावर लिहिलेल्या कृतीत, त्याने ख्रिस्ती लोकांत पुढारीपण मिळविले व तुरुंगात असता त्यांच्या देणग्यांवर चैन केली, असे वर्णन केले आहे. पुढे १६५ मध्ये पेरेग्राइनसने ऑलिंपिया येथे लोकांसमक्ष आत्मदहन केले.

दुसऱ्या शतकातील वळण : इग्नेशिअस, आयरिनीअस व टर्टलिअन ह्यांच्या लेखनात खोट्या शिक्षकाचे रूपांतर ‘पाखंडी’त झाले. अँटिऑकचा बिशप इग्नेशिअस ह्याने हौतात्म्यासाठी रोमकडे नेले जात असता लिहिलेल्या पत्रांत, बिशपला सोडून काहीही करू नये, असा आग्रह धरला. लिआँचा बिशप आयरिनीअस ह्याने सु. १८० मध्ये लिहिलेल्या पाखंडखंडनपर ग्रंथात प्रेषितांपासून बिशपांपर्यंत चालत आलेली उघड परंपरा हे सत्याचे प्रमाण मानले व गुप्तज्ञानवादी (नॉस्टिक) पंथांची वंशावळ शोमरोनच्या शिमोनापर्यंत नेली. प्रेषितांच्या कृत्यांनुसार हा शिमोन स्वतःला कोणी थोर पुरुष म्हणवीत असे आणि त्याने प्रेषितांना पैसे देऊन पवित्र आत्मा देण्याचे सामर्थ्य विकत घेऊ पाहिले. आध्यात्मिक अहंकार व द्रव्य ह्यांची सांगड अशा रीतीने पाखंडाच्या उगमस्थानीच घातली गेली.

विरोधकांच्या मतांचे मूळ त्यांच्या दुखावलेल्या अभिमानात शोधण्याची प्रथाही ह्याच काळात रूढ झाली. व्हॅलेंटायनस ह्याला बिशपपद मिळण्याची आशा होती आणि ते न मिळाल्यामुळे तो चर्चपासून दूर झाला, असे टर्टलिअन लिहितो. सिनोपीचा मार्सिअन ह्याला १४४ मध्ये रोमच्या मंडळीने बहिष्कृत केले व त्याने दिलेली २,००,००० सेस्टर्सची देणगी परत केली. त्याने एका कुमारिकेला भ्रष्ट केल्याची कथा नंतर प्रसृत झाली. वास्तविक मार्सिअनचा पंथ विवाहदेखील निषिद्ध मानणारा कडक वैराग्यवादी पंथ होता.

आरोपांचे मूल्यमापन : खोट्या शिक्षकांविषयीची आपली माहिती बहुतांशी त्यांच्या विरोधकांकडून आलेली आहे. लोभ, बढाई, वितंडवाद व कामुकता हे आरोप ग्रीक तत्त्वज्ञांच्या परस्परविरोधी लेखनातही ठराविक साच्याने येतात; सोफिस्टांवर ते प्लेटोच्या काळापासून होत आले होते. स्वतः ख्रिस्ती लोकही ह्या साच्यातून सुटले नाहीत. त्यांच्या प्रीतिभोजनांत अनाचार चालतो, अशी वदंता होती. बिथिनिआ-पाँटसचा राज्यपाल धाकटा प्लिनी ह्याने सु. ११२ मध्ये सम्राट ट्रेजनला लिहिलेल्या पत्रात, ख्रिस्ती लोकांचे मत काहीही असो, त्यांचा ताठा व न नमणारा हट्ट हाच शिक्षेस पात्र आहे, असे म्हटले आहे. मंडळीतील अधिकारी ज्या शब्दांत बंडखोरांना दोष देत, जवळजवळ त्याच शब्दांत साम्राज्याचे अधिकारी त्या सर्वांनाच दोष देत होते.

ईजिप्तमधील नाग हमादी येथे १९४५ मध्ये कॉप्टिक भाषेतील हस्तलिखितांच्या तेरा संहिता सापडल्या आणि दुसऱ्या पक्षाचा आवाज प्रथमच मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाला. त्यांपैकी ‘पेत्राचे प्रकटीकरण’ ह्या ग्रंथात, देवाकडून अधिकार मिळाल्याच्या थाटात स्वतःला बिशप व सेवक (डीकन) म्हणविणाऱ्यांना कोरडे कालवे म्हटले आहे. पेत्राच्याच नावावरील बायबलमधील पत्रात खोट्या शिक्षकांना पाणी नसलेले झरे म्हटलेले आहे. एकाच प्रेषिताच्या नावाने, जवळजवळ एकाच प्रतिमेने, दोन्ही पक्ष एकमेकांवर पोकळ अहंकाराचा आरोप करीत होते. जर्मन विद्वान व्हाल्टर बाउअर ह्याने १९३४ मध्येच असे प्रतिपादन केले होते, की अनेक प्रांतांत पुढे पाखंड ठरलेली मतेच आरंभी प्रचलित होती आणि सनातन मताचा विजय नंतरचा आहे. त्याच्या तपशिलांवर पुष्कळ टीका झाली. परंतु सत्य आधी व विकृती नंतर, हे सरळ चित्र पूर्वीसारखे निर्विवाद राहिले नाही.

तथापि हे सर्व आरोप केवळ वादकौशल्याचा भाग होते, असे मानणेही योग्य ठरणार नाही. भाकर, मुक्कामाचे दिवस व पैसे ह्यांविषयीचे ‘दिदाखे’तील नियम प्रत्यक्ष अनुभवातून आलेले आहेत. गरीब मंडळ्यांना लुबाडणारे आणि दुबळ्या सभासदांना तुच्छ लेखणारे उपदेशक खरोखरच होते. मतभेद असणे आणि भोंदूगिरी करणे ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत; एकीचे नाव दुसरीला देण्याची सवय हा ह्या वादांतील मुख्य दोष होय.

परिणाम : ग्रीक ‘हायरेसिस’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ निवड किंवा मतसंप्रदाय एवढाच होता. जोसीफस ह्या यहुदी इतिहासकाराने परूशी, सदूकी इ. पंथांसाठी तो कसलाही दोष न सुचविता वापरला आहे. ख्रिस्ती वादांतून त्याला निंदाव्यंजक अर्थ प्राप्त झाला. भारतातील ‘पाखंड’ ह्या शब्दाचा इतिहासही असाच आहे. अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ म्हणजे केवळ धर्मसंप्रदाय. त्याच्या बाराव्या शिलालेखात तर आपल्या पंथाची अवास्तव स्तुती व परपंथाची निंदा टाळून वाणीचा संयम पाळावा, असे सांगितले आहे. पुढे संस्कृत व मराठी वाङ्‌मयात ‘पाखंडी’ म्हणजे ढोंगी व धर्मभ्रष्ट असा अर्थ रूढ झाला.

पहिल्या तीन शतकांत खोट्या शिक्षकाविरुद्ध मंडळीच्या हाती असलेले शस्त्र बहिष्काराचे होते. चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माला राज्यसत्तेचा पाठिंबा मिळाल्यानंतर परिस्थिती पालटली. स्पेनमधील बिशप प्रिसिलिअन ह्याला सु. ३८५ मध्ये ट्रीर येथे, जादूटोण्याच्या आरोपावरून व काही बिशपांच्या तक्रारीमुळे, सम्राट मॅक्सिमस ह्याच्या आज्ञेने देहान्त शासन झाले. तूरचा मार्टिन व मिलानचा अँब्रोझ ह्या बिशपांनी धर्ममतांच्या वादात रक्तपात घडवून आणणाऱ्या आपल्या सहधर्मीयांचा निषेध केला. निंदात्मक निवाडा स्वतः न करता तो ईश्वरावर सोपविणाऱ्या मीखाएलची कथा यहूदाच्या पत्रात खोट्या शिक्षकांना लाजविण्यासाठी सांगितलेली होती. पुढील इतिहासाच्या प्रकाशात पाहिले असता तीतील संयमाचा बोध त्यांच्या विरोधकांनाही तितकाच लागू पडतो.